चमच्याची टक

एक डिसेंबर. फी महिना सहाशे रुपये, आगाऊ. हजर चौघं: माझी थोरली बहीण वसुधाताई, मी, माझी बायको नंदा आणि शिकवणीला आलेली वैशाली. जागा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. विषय, इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ. शिकवणाऱ्या बाईंना बोलता येत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात काम केलं. महत्त्वाचा आकडा तळाशी लपवून ठेवायची मला सवय नाही.

त्याला आता तीन हिवाळे झाले. यंदा थंडी उशिरा आली, पण आली. सकाळी सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन कानाला मफलर बांधून खुर्ची उन्हात ओढतो, भाजीवालीच्या पाटीत मटारचे ढीग आणि हरभऱ्याच्या जुड्या दिसतात, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे मुलंमुली उभी राहतात. बँकांच्या परीक्षा जवळ आल्या की ही गर्दी वाढते. हातात अजून गरम असलेल्या कागदांचे गठ्ठे, ओठ सारखे हलणारे. मी दुधाची पिशवी घेऊन त्यांच्या मागून जातो तेव्हा कानावर तुकडे पडतात. 'ईच ऑफ द बॉइज हॅज'. बरोबर. 'वन ऑफ माय फ्रेंड्स आर'. आणि लगेच माझ्या डाव्या बाजूला, लाकडावर स्टीलचा चमचा आपटावा तसा आवाज येतो. टक.

मी वळून पाहत नाही. पहिल्या वर्षी पाहायचो.

घरीही होतं. टीव्हीवर कोणी पाहुणा इंग्रजीत बोलता बोलता घसरतो आणि माझी मान टेबलाकडे वळते. टेबलावर पाण्याचा तांब्या असतो, लोणच्याची बरणी असते. नंदा माझ्याकडे बघते.

"परत?"

"हो."

"काय चुकला?"

"कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी."

"बरं झालं, वन्संनी ऐकलं नाही," ती म्हणते. पण वन्संनी ऐकलं नाही असं खात्रीने म्हणावं, असं आमच्या घरात कोणाला वाटत नाही.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली, ती येताना पुस्तकांची दोन कपाटं आणि पाठोपाठ विद्यार्थी घेऊनच आली. बँकेच्या परीक्षेचे, सरकारी नोकरीच्या परीक्षेचे, परदेशी शिकायला जाणारे, सगळे याच टेबलाशी बसायचे. प्रत्येक परीक्षेचं नाव वेगळं, फॉर्मचे पैसे वेगळे, पण कर्त्याला जुळणारं क्रियापद निवडायचा प्रश्न सगळीकडे ठरलेला. परदेशी जाणाऱ्यांकडून ताई दुप्पट फी घ्यायची. मी एकदा म्हटलं, व्याकरण तर तेच आहे. म्हणाली, "व्याकरण तेच आहे. आईवडील वेगळे आहेत. फोन फार करतात."

मी मराठी शाळेत शिकलो. ऑफिसात इंग्रजी अहवाल लिहिताना अडलो की तिला फोन करायचो. एकदा विचारलं, "ताई, डेटा इज की डेटा आर?"  म्हणाली, "तुमच्या कंपनीतला डेटा खरा असेल, तर काहीही चालेल."

हा मेळ वरवर सोपा. एकाला एकवचन, अनेकांना अनेकवचन. पण प्रश्नपत्रिका काढणारे लोक कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये गर्दी घालतात. सफरचंदांची टोपली. खेळाडूंसह आलेला कप्तान. खिडक्यांपैकी एक. मुलं क्रियापदाच्या जवळचा शब्द बघतात, सफरचंदं दिसली की अनेकवचन लावतात आणि मार्क जातो. ताई म्हणायची, "क्रियापद शेजाऱ्याचं ऐकत नाही. शेजारी कितीही दारात येऊन बसला, तरी विजेचं बिल मालकाच्याच नावाने येतं." हे ती इतक्या वेळा म्हणायची की उरलेलं अर्धं वाक्य स्वयंपाकघरातून नंदा पुरं करायची.

सरावाच्या वाक्यांतली ती माणसं मला तेव्हापासून विचित्र वाटतात. त्यांना नावं नाहीत, वय नाही, घर नाही. कप्तान नेहमी खेळाडूंसह येतो आणि नेहमी एकटाच मोजला जातो. समिती बसलेली असते, तिचा निर्णय कधी होत नाही. व्यवस्थापक किंवा कारकून, दोघांपैकी एकाने पत्र हरवलेलं असतं आणि ते कोणी शोधत नाही. हिवाळ्याच्या संध्याकाळी बाहेर लवकर अंधारून यायचं, टेबलावरचा दिवा लागायचा, आणि आठ-दहा तरुण आवाजांतून ही माणसं आमच्या घरात ये-जा करायची. आवाज गेले. ती माणसं मात्र कुठे गेली नाहीत असं मला वाटतं. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी ताईला झटका आला. ती गॅलरीत उभी राहून मला काही सांगत होती. "वरच्या मजल्यावरच्या माणसाने परत..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या माणसाने परत काहीतरी केलेलं असायचंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ती इंग्रजीत बोलत असती, तर त्याने काय केलं ते निदान कळलं असतं. ते वाक्य अजून आमच्या गॅलरीत आहे. वाळलेले कपडे काढायला गेलो की त्याच्या मध्यावर उभं राहिल्यासारखं होतं.

डॉक्टर म्हणाले, यांना ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येण्याचा रस्ता बंद झाला आहे. उजवा हात गेला, डावा चालत होता. घरात लसूण घालून उकळलेल्या तिळाच्या तेलाचा वास भरला, तो पडद्यांना लागला, माझ्या ऑफिसच्या शर्टांना लागला. महिन्याभरात विद्यार्थी पांगले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. परीक्षा कोणाच्या आजारपणासाठी थांबत नाहीत.

वैशाली तेवढी आली. ती यवतमाळकडची. नारायण पेठेत एका खोलीत चौघी मुली राहायच्या, त्यातली एक कॉट तिची. वय सव्वीस. दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देत होती, आणि दोन्ही वेळा इंग्रजीच्या भागाने तिला थोडक्यात मागे ठेवलं होतं. घरच्यांनी आता हा एक हिवाळा दिला होता. फेब्रुवारीतली मुख्य परीक्षा निघाली नाही, तर सामान बांधून परत आणि पाहायला येईल त्या पहिल्या बऱ्या स्थळाला होकार. हे तिने रडत नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

शिकवणी बंद झाल्याचं मी तिला फोनवर कळवलं होतं. तरी ती संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आली. ताईसमोर बसली.  मग तिने पुस्तक काढलं आणि सरावाची वाक्यं मोठ्याने वाचायला लागली.

मी म्हटलं, "अगं, त्यांना त्रास होईल."

"मग काय करू काका? मॅडमसमोर नुसतं बसायची सवयच नाई मले."

ताई डाव्या हाताने पेज खात होती. वैशालीने सफरचंदांच्या टोपलीला अनेकवचन लावलं. ताईने चमचा वाटीतून काढला आणि टेबलाच्या कडेवर एकदा आपटला. टक. पेजेचे दोन थेंब पुस्तकावर उडाले.

वैशालीने वाक्य परत वाचलं, तसंच. टक. मग ती थांबली, ओठांतल्या ओठांत काही म्हणाली, आणि क्रियापद बदलून वाचलं. चमचा वाटीत परत गेला. ताई पेज खाऊ लागली.  नंदा उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर रीतसर सुरुवात झाली ती डिसेंबरच्या पहिल्या तारखेला. वैशालीने फी टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आता कसली फी. ताईने डाव्या हाताने नोटा ओढून आपल्या पाण्याच्या भांड्याखाली सरकवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

पूर्वी चूक झाली की ताई कारण सांगायची, वर दोन टोमणे मारायची. आता फक्त चूक झाली एवढंच कळायचं. कुठे झाली आणि का, ते वैशालीने शोधायचं. पहिल्या आठवड्यांत थंडीतही तिच्या कपाळावर घाम यायचा. वाक्य, टक. वाक्य, टक. बरोबर आलं की काहीच नाही, नुसती शांतता, आणि पुढचं वाक्य. त्या दिवसांत आमच्या घरात शांतता म्हणजे शाबासकी होती. मी पेपर पुढे धरून बसायचो आणि पेपरातलं काही वाचायचो नाही. पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी व्याकरण माझ्या अंगात शिरलं ते असं, कानाच्या बाजूने, न बोलावता.

बाहेर थंडी वाढत होती. मालिशवाल्या बाई येताना शाल गुंडाळून यायच्या. खालच्या वॉचमनने सुकी पानं पेटवली की धूर आमच्या मजल्यापर्यंत चढायचा आणि वैशाली वाचता वाचता खोकायची. नंदा बाजरीची भाकरी करायची, तिच्या कडेचा करपट वास आणि तेलाचा वास आणि संत्र्याच्या सालींचा वास, असा तो हिवाळा. आज यातला एखादा वास एकटा आला तर काही होत नाही. तिन्ही एकदम आले तर मला खुर्चीवर बसावं लागतं.

एकदा वाचता वाचता मध्येच थांबून वैशालीने मला विचारलं, "काका, इंग्रजीत कर्ता मोठा. त्याच्या मागे क्रियापद. आपल्यात काऊन नाई तसं? मॅडमने पेरू खाल्ला. मॅडमने बोरं खाल्ली. खाणारी एकच, पण क्रियापद पेरूच्या मागे जाते, बोरांच्या मागे जाते. करणाऱ्या माणसाले कोणी विचारतच नाई."

 मी ताईकडे पाहिलं. ताईच्या चेहऱ्याची एकच बाजू हसायची, ती हसली. काहीतरी फार मजेदार उत्तर तिच्याकडे होतं हे स्पष्ट दिसत होतं. ते तिच्याबरोबर गेलं. मग मीच कधीतरी त्यावर विचार करत बसतो. 'ने' लागला की माणूस वाक्याच्या कडेला उभा राहतो, आणि वाक्य त्याने केलेल्या कामाच्या तालावर चालायला लागतं. ताईने टक केली. ताई कडेला आहे. चालते आहे ती टक.

जानेवारीत आवाज विरळ झाला. मी मनात मोजायचो, नोकरीतली खोड. सुरुवातीला एका संध्याकाळी चमचा वीसपंचवीस वेळा वाजायचा, मग दहावर आला, मग दोन-तीनवर. संक्रांतीच्या सुमारास एक संध्याकाळ अशी आली की तो एकदाही वाजला नाही. मी वैशालीला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "आता परीक्षा तुझ्या खिशात." ती हसली नाही. ती ताईकडे बघत होती.

ताईच्या हातात चमचा होता, पण तो कशासाठी आहे ते विसरल्यासारखा तिरका झाला होता. सगळं बरोबर ऐकून ऐकून तिचे डोळे खिडकीबाहेर गेले होते. त्या आठवड्यात तिचं जेवण कमी झालं. मालिशवाल्या बाईंना ती हात उचलून देईना. चूक नाही, तर काम नाही.

मग चमचा परत वाजू लागला. रोज दोन-तीन वेळा. मला आधी बरं वाटलं, मग खटकलं. चुका जुन्याच होत्या. सफरचंदांची टोपली, खेळाडूंसह कप्तान. जी मुलगी गुंतागुंतीची लांब वाक्यं सरळ पार करत होती, ती पहिल्या धड्याच्या वाक्यात अडखळत होती. कारखान्यात नीट चालणाऱ्या मशीनवर अचानक माल नापास व्हायला लागला, तर आम्ही मशीनच्या आधी माणसाचा हात तपासायचो.

एका संध्याकाळी मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. रस्त्यावर दुचाक्यांचा पूर, वर मेट्रोची गाडी जात होती.

"वैशाली, टोपलीचं वाक्य तुला अजून येत नाही?"

"येते ना काका."

"मग आज कशी चुकलीस?"

तिने ओढणी कानांवरून घट्ट केली. "चुकली नाई तर त्या वाजवत नाईत. वाजवलं नाई तर जेवत नाईत. काकूंनीच सांगितलं मले, भाताले हात नाई लावला म्हणून."

"अगं, पण परीक्षा तुझी आहे. चुकीचं वाचायची जिभेला सवय लागली तर?"

"मोजून चुकते मी. तीनच्या वर नाई." मग म्हणाली, "रोज तुमच्यासमोर बसून राहिली ना, थोडा हिशेब आला मले बी."

घरी येऊन मी नंदाला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तिला थांबवलं नाहीस? तिचं शेवटचं वर्ष आहे."

नंदा मेथी निवडत होती. "तिचं वर्ष आहे, ती बघेल. तुम्हाला ऑडिटला कोणी बोलावलंय?"

 अशा वेळी मी कागदावर दोन बाजू मांडतो आणि बेरीज करतो. पण एका बाजूला त्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला ताईचे चार घास, या रकमा एकाच मापात बसत नव्हत्या.

फेब्रुवारी लागला. दुपारचं ऊन बोचायला लागलं, संध्याकाळ मात्र गारच राहिली. परीक्षेआधीचा शेवटचा आठवडा. वैशाली भराभर वाचत होती. टोपली येऊन गेली होती, कप्तान येऊन गेला होता, चमचा वाजून गेला होता. मग एक वाक्य आलं: दोन बहिणींपैकी कोणीच घरी नव्हती. 'नीदर ऑफ द सिस्टर्स', आणि पुढे वैशालीने 'वेअर' वाचलं. तिथे 'वॉज' पाहिजे होतं. मी तोपर्यंत एवढं शिकलो होतो. मी चमच्याकडे पाहिलं.

चमचा वाजला नाही. ताई वैशालीकडे पाहत होती. ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागून बघून लिहिलं की मला ती मिळायची. तिच्यात राग नसायचा. मला कळलं आहे, आता तू काय करतोस बघू, एवढंच असायचं. वैशालीने वाक्य परत वाचलं. तसंच. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिची घरघर तेवढी ऐकू येत होती. ताईने चमचा वाटीत ठेवला, सावकाश, आवाज न करता, आणि डोळे मिटले.

वैशाली पुढचं वाक्य वाचायला लागली.

त्याच आठवड्यात ताई गेली. दुपारच्या झोपेत, दुसऱ्या झटक्याने. दुसऱ्या दिवशी वैशालीची परीक्षा होती. नंदाने तिला पेपर झाल्यावरच कळवलं. ती परीक्षा केंद्रावरून सरळ आली, टेबलाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. पुढे निकाल लागला. थोडक्यात, पण निघाली. आता ती विदर्भातच एका बँकेच्या शाखेत आहे, आणि घरचे लोक स्थळाचं नाव तिला विचारून काढतात.

ती शेवटची संध्याकाळ मी नंतर पुष्कळांना सांगितली. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांना, ताईबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंना, अगदी वरच्या मजल्यावरच्या माणसालाही. मुलगी दयेपोटी चुकत होती आणि ताईला ते कळलं. तिने भिकेची चूक घेतली नाही. बोलता येत नव्हतं, उजवा हात चालत नव्हता, पण शिक्षिका शाबूत होती. लोक मान हलवायचे. कोणी म्हणायचं, "वसुधाबाई म्हणजे वसुधाबाई." घरात तो आवाज आला, टेबलाकडे मान गेली, टेबल रिकामं दिसलं, की मी स्वतःला हीच गोष्ट सांगायचो. ती गेली तेव्हा पूर्ण होती. एवढ्या एका वाक्यावर मी तीन हिवाळे काढले.

गेल्या आठवड्यात वैशाली बँकेच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात आली होती. जेवायलाच बोलावलं. संत्री घेऊन आली. चेहरा भरला होता, बोलण्यात थोडा हुकूम आला होता. नंदाने भरली वांगी केली होती. जेवताना मी परत ती गोष्ट काढली, चमच्याची, त्या नजरेची. वैशालीने ताटात मान घातली. मला वाटलं, आठवणीने गलबलली.

तिला सोडायला मी बसस्टॉपकडे निघालो. ती म्हणाली, "चहा घेऊ या काका." कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपाशी आम्ही उभे राहिलो. चहावाला पितळी भांड्यात आलं ठेचून टाकत होता.

"एक सांगू का? तुम्ही ती बहिणींच्या वाक्याची गोष्ट सांगता ना."

"हं."

"त्या दिवशीचे माझे तीन आधीच होऊन गेले होते. ते वाक्य मी मुद्दाम नव्हतं चुकवलं. खरंच चुकली होती मी."



"मग तुला कळलं कधी?"

"खोलीवर गेल्यावर. उत्तरं पाहिली तेव्हा. मी तर दोनदा वाचलं होतं, दोन्हीदा बरोबरच वाटलं. मॅडमनी वाजवलं नाई, म्हणून तर अजूनच बरोबर वाटलं."

"मग त्यांनी वाजवलं का नाही?"

"तेच तर विचारायचं होतं मले. कोणाले विचारू?"

रस्त्यावरून मुलांचा एक घोळका गेला, पाठीवर दप्तरं, हातात कागद. मी ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणायला लागलो. चमचा वर उचललेला होता, की नुसता हातात होता? शपथेवर सांगता येणार नाही. तिने खरी चूक खोटी समजून सोडून दिली असेल. इतक्या खोट्या चुका वाढल्यावर खऱ्या चुकीवरचाही विश्वास उडतो. किंवा मुलीने स्वतःच्या कानाने पकडावं म्हणून ती थांबली असेल, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये चमचा नसतो, हे तिला माहीत होतं. किंवा त्या संध्याकाळी तिला ते ऐकूच आलं नसेल. तोपर्यंत आतला तोही दिवा गेला असेल, आणि मी ज्या नजरेचं वर्णन करत फिरलो, ती एका दमलेल्या बाईची, कुठेही टेकलेली, साधी नजर असेल. त्या नजरेत मी जे वाचत आलो, ते मीच लिहिलेलं असू शकतं.

"परीक्षेत आलं होतं का तसलं वाक्य?" मी विचारलं.

"आलं ना. तिथे थांबली मी. वाट पाहून राहिली, वाजते का म्हणून." तिने चहाचा घोट घेतला. "कॉम्प्युटरवर पेपर असते काका. पूर्ण हॉलमध्ये सगळ्यांचे माऊस. इकडून टक, तिकडून टक. सगळीकडून. माझी कोणती, तेच कळेना."

"मग?"

"मग लावलं एक उत्तर."

"बरोबर?"

"माहीत नाई. पास झाली, पण कोणतं बरोबर आन् कोणतं चूक, ते कुठे दाखवतात."

तिची बस दूरवर सिग्नलला थांबलेली दिसत होती. आम्ही दोघंही तिकडे बघत उभे राहिलो. चहा गार झाला होता, तो मी तसाच संपवला. दोन चहांचे चोवीस रुपये झाले. मी खिशात हात घातला.

"राहू द्या काका. पगार आहे मले."

पैसे वैशालीने दिले, चहावाल्याला.